ओल आहे तोवर

मृग बहार धरायचा ठरला की माणदेशातल्या आटपाडी तालुक्यातला डाळिंबवाला पहिलं काम करतो ते पाणी तोडण्याचं. ऐन उन्हाळ्यात ठिबक बंद. जमीन हलकी, मुरमाड असेल तर महिना-सव्वा महिना, भारी असेल तर त्याहून जास्त दिवस बाग तशीच तापू द्यायची. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात. जी उरतात ती इथ्रेल मारून गाळायची. मग छाटणी, शेणखत आणि पहिलं पाणी. त्यानंतर काही आठवड्यांत त्या उघड्याबोडक्या फांद्यांवर शेंदरी कळी दिसायला लागते. ताण नीट बसला नाही तर झाड नुसता पाला काढत सुटतं आणि वर्ष हातचं जातं.

ज्या तालुक्यात पाण्यासाठी पिढ्या झिजल्या, नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना माणसं भाकरी बांधून गेली, आणि टेंभू योजनेचं पाणी यायला लोकांनी दशकं वाट पाहिली, तिथे फूल हवं म्हणून हातचं पाणी तोडतात. वाढ थांबते, पानांनी कमावलेलं अन्न फांदीत साठून राहतं आणि ओल मिळताच ते फुलांवर खर्च होतं, हे त्यामागचं कारण. पण मला त्याच्या पलीकडचा प्रश्न सतावतो. सगळ्या झाडांचे पूर्वज पाण्यात राहत होते, त्यांचं मीलन पाण्यातच होत होतं. मग कोरड्या जमिनीवर पाण्यावाचून वंश चालवणं त्यांना जमलं कसं? गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नाची पुष्कळशी उकल झाली आहे. काही गाठी मात्र अजून घट्ट आहेत.

हा आढावा पुस्तकातून घेता येतो, तसा माणदेशातल्या एखाद्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीत उतरूनही घेता येतो. तळाच्या पाण्यात हिरवे, बुळबुळीत धागे तरंगत असतात. त्यांच्या वर, पाझराने ओल्या राहणाऱ्या दगडांवर मखमलीसारखं शेवाळ. आणखी वर, चिऱ्यांच्या फटीत काळ्या चकचकीत देठांचा हंसराज. आणि पार काठावर, उन्हात, रुई, तरवड, बाभळ. चाळीस-पन्नास फुटांच्या चढणीत जवळपास ४७ कोटी वर्षं उभी असतात. फक्त ही शिडी समजायची नाही. आजचं शेवाळ हा हंसराजाचा आजोबा नव्हे. दोघं एकाच घराण्यातली लांबची भावंडं, आणि प्रत्येकाने आपापल्या पायरीवर संसार टिकवलेला.

तळापासून सुरुवात करू. त्या हिरव्या धाग्यांमध्ये स्पायरोगायरा बहुधा सापडतोच. त्याचं कुळ हे जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींचं सर्वांत जवळचं नातेवाईक, असं गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या जनुकीय तुलनांतून पुढे आलं. त्याआधी हा मान दुसऱ्याच शैवालांना दिला जात होता. विशेष म्हणजे स्पायरोगायरात पोहणारी शुक्रपेशी नाही. दोन धागे शेजारी येतात, त्यांच्यामध्ये एक नळी तयार होते आणि एका पेशीतला ऐवज सरकत दुसरीत जातो. नळीतून मीलन ही युक्ती पुढे फुलांनी अगदी स्वतंत्रपणे शोधून काढली. मधल्या बहुतेकांना मात्र पोहणंच भाग होतं.

शेवाळाचं बघा. उन्हाळ्यात ते वाळून काळं पडतं, हाताने चोळलं तर भुगा होतो, आणि पहिल्या वळवाने तासाभरात पुन्हा हिरवं होतं. कोरडेपणा सोसण्यात ते बाभळीलाही हार जाणार नाही. अडतं ते लग्नाच्या वेळी. त्याची शुक्रपेशी शेपट्या हलवत पोहत जाते आणि त्यासाठी दगडावर पाण्याचा सलग पापुद्रा लागतो. तो तुटला की वरात तिथेच थांबली. याला एक सुंदर अपवाद अलीकडे सापडला. ओलाव्यात उड्या मारणारे बारीक किडे आणि कोळीवर्गातले माइट शेवाळाच्या शुक्रपेशी अंगावरून वाहून नेतात, हे २००६ मध्ये प्रयोगाने दिसलं. २०१२ मध्ये असंही कळलं की शेवाळ वास सोडतं आणि किडे मादी रोपाच्या वासाकडे जास्त ओढले जातात. किड्यांकडून काम करून घेणं हा फुलांचा शोध, असं आम्ही वर्गात शिकवत आलो. ते वाक्य आता दुरुस्त करायला हवं.

हंसराज एक पायरी वर. त्याला मुळं आहेत, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आहेत, तो उंच वाढतो. पण त्याच्या पानाच्या कडेखालून उडालेली बीजाणूची धूळ ओल्या जागी पडली की त्यातून हंसराज उगवत नाही. उगवतो नखाएवढाही नसलेला, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा. खरं लग्न या पापुद्र्याच्या पोटाशी लागतं, तेही पाण्याच्या थेंबात, पोहतच. एकाच वनस्पतीच्या या दोन पिढ्या आळीपाळीने येतात, आणि शेवाळापासून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत सगळ्यांत हाच पाळणा फिरतो, हे जर्मनीच्या विल्हेल्म होफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये दाखवलं. डार्विनचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षं होती. माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोठं पाऊल तेच.

त्या दोन पिढ्या आल्या कशा यावर मात्र भांडण झालं आणि ते शंभर वर्षं चाललं. ब्रिटिश शास्त्रज्ञ बॉवर यांचं म्हणणं, जे त्यांनी १९०८ च्या ग्रंथात विस्ताराने मांडलं, असं होतं: जमिनीवर लग्नाला पाणी क्वचित मिळतं, म्हणून एका लग्नातून एकच मूल होऊन भागत नाही, त्या एका फलित पेशीतून आख्खं नवं झाड वाढवायचं आणि त्यावर हजारो बीजाणू तयार करायचे. पावसाची एक संधी हजारपट करून घ्यायची. दुष्काळी मुलखातल्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो. विरोधी पक्षाच्या मते दोन्ही पिढ्या आधी सारख्याच होत्या, पुढे एक खुजी झाली. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत दुसऱ्या पिढीचीही चांगली उभी, देठ असलेली रोपं सापडली, तेव्हा या पक्षाला बळ आलं. आज दोन्हीकडचं थोडं थोडं खरं मानलं जातं.

विहिरीच्या काठावर आलं की खेळ बदलतो. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी काही झाडांनी मादीचा पापुद्रा जमिनीवर सोडणंच बंद केलं. तो झाडावरच, आईच्या अंगावर, कवचात ठेवला. हे बीजांड. नर पिढी इतकी आटली की तिची दोन-तीन पेशींची पुडी झाली. हा पराग. पुडीवरचं वेष्टन इतकं चिवट की आम्लाने विरघळत नाही आणि कोट्यवधी वर्षं दगडात टिकतं. आता पाणी शोधत नराने जायचं नव्हतं. वाऱ्यावर उडून बीजांडाशी पोचायचं, आणि तिथे आईने ठेवलेला एक थेंब होता. जपानच्या हिरासे यांनी १८९६ मध्ये गिंकोच्या बीजांडात पोहणारी शुक्रपेशी पाहिली, त्याच वर्षी इकेनो यांनी सायकसमध्ये. बंगल्यांच्या अंगणात शोभेला लावतात तो सायकस आजही आपल्या बीजांडात एवढंसं तळं राखतो आणि त्याची शुक्रपेशी त्यात पोहते.

फुलझाडांनी हे तळंही बुजवलं. इथे घोळीच्या भाजीचा मान मोठा आहे. आपल्याकडे रानात आपोआप उगवणारी, जाड पानांची, आंबटसर घोळ. इटलीचे जोव्हानी अमीची यांनी १८२० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली घोळीच्या फुलाची कुक्षी पाहत असताना एका परागकणातून नळी बाहेर पडताना पाहिली. परागनलिका प्रथम दिसली ती अशी. पुढे कळलं की ही नळी कुक्षीच्या आतून, आईच्या पेशींतून वाट काढत, थेट बीजांडापर्यंत जाते. शुक्रपेशीला शेपटी उरलेली नाही. तिला पोहायचं नाही, तिला पोचवलं जातं. १८९८ मध्ये नावाशिन यांनी त्यावर कळस चढवला: नळीतून दोन शुक्रपेशी येतात, एक अंडपेशीशी मिळते आणि गर्भ होतो, दुसरी मधल्या केंद्रकांशी मिळते आणि गर्भाची शिदोरी तयार होते. शाळूच्या दाण्यात पीठ म्हणून जे असतं ते हीच शिदोरी. आपण रोज भाकरी खातो ती त्या दुसऱ्या मीलनाची. आणि ही शिदोरी लग्न लागल्याशिवाय बांधली जात नाही. सायकस किंवा चीड (पाइन) आधीच अन्न भरून बसतात, नवरदेव आला नाही तर ते वाया. फुलझाड पदरचं काही अगोदर खर्च करत नाही.

इथे माझं एक मत आहे. पुस्तकं फुलांचा विजय सांगताना रंग, मध आणि फुलपाखरांवर भर देतात. मला वेळेचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. चीडच्या झाडात परागकण पडल्यापासून फलन होईपर्यंत वर्षभर लागतं. फुलझाडांत हे काम बहुधा काही तासांत नाहीतर दिवसांत उरकतं. अमेरिकेतले जोसेफ विल्यम्स यांनी २००८ मध्ये दाखवलं की परागनलिकेची भिंत बांधायची नवी पद्धत फुलझाडांना सापडली आणि नळीचा वेग कितीतरी पटींनी वाढला. आमच्याकडे वाफसा म्हणतात: चिखलही नाही आणि ढेकूळही नाही, अशी दोन-तीन दिवसांची ओल, तेवढ्यात पेरणी उरकली पाहिजे. फुलझाडांनी मीलन वाफशात बसवलं. शेवाळ आणि हंसराज पाण्याची वाट पाहत राहिले. फुलांनी घाई केली. आणि थांबायचं काम सोपवलं बीकडे. बी वर्षानुवर्षं थांबते. नवरात्रात घटाभोवतीच्या काळ्या मातीत टाकलेलं धान्य आदल्या दिवसापर्यंत कणगीत निपचित पडलेलं असतं, आणि पाणी लागताच तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात.

आता गाठी. पहिली गाठ, फुलं आली कधी? निर्विवाद जीवाश्म साधारण १३ कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि मग एकदम गर्दी. या अचानकपणाने डार्विन इतके अस्वस्थ होते की १८७९ मध्ये जोसेफ हुकर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याला किळसवाणं गूढ म्हटलं. जनुकांवरून काढलेलं वय मात्र याहून कितीतरी मागे जातं. दगड एक सांगतात, पेशी दुसरंच. चीनमध्ये १७ कोटी वर्षांपूर्वीचं फूल सापडल्याचा २०१८ मधला दावा अनेकांना मान्य नाही.

दुसरी गाठ आमच्या जास्त जिव्हाळ्याची: फुलं आली कुठे? अमेरिकन शास्त्रज्ञ स्टेबिन्स यांचा कयास होता की उष्ण प्रदेशातल्या निमकोरड्या, पावसाचा भरवसा नसलेल्या जागी, म्हणजे थोडक्यात माणदेशासारख्या मुलखात, फुलझाडांचा जन्म झाला. थोडक्यात उरकण्याची सवय तिथेच लागू शकते. मला हे खरं ठरलेलं आवडलं असतं. पण १९९९ मध्ये जनुकांनी फुलझाडांच्या वंशवृक्षावरची सर्वांत खालची फांदी दाखवली. ती निघाली अँबोरेला, न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या दमट जंगलात सावलीत वाढणारं एक झुडूप. त्यानंतर २००४ मध्ये फील्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलं की पहिली फुलझाडं ओलसर, अंधाऱ्या, सारख्या ढासळणाऱ्या जागी राहत असावीत. काहींनी तर पाण्यातच उगम शोधला. आज पारडं सावलीकडे झुकलेलं आहे. तसं असेल तर कोरड्या जमिनीने फूल जन्माला घातलं नाही. ढासळत्या दरडीवर घाईने उरकायला शिकलेली झाडं पुढे उन्हात आली आणि तीच घाई तिथे कामी आली.

या गोष्टीचा एक पुरावा आमच्याच दगडात आहे. आटपाडीच्या खाली जो काळा कातळ आहे तो दख्खनच्या लाव्ह्याचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचताना मध्ये विश्रांती मिळे, तळी होत, झाडं उगवत, आणि पुढचा थर त्यांना झाकून टाकी. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान इथे अशाच मधल्या थरातल्या गारगोटीत बिरबल साहनी यांना एक फळ सापडलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं एनिग्मोकार्पॉन, म्हणजे कोड्यातलं फळ. १९४४ मध्ये व्ही. बी. शुक्ल यांनी तिथलंच एक दगड झालेलं फूल वर्णिलं, त्याला साहनींचं नाव दिलं आणि फूल व फळ यांचं नातं जोडलं. हे दोन्ही ज्या कुळातले मानले जातात त्याच कुळात मेंदी, धायटी आणि महाराष्ट्राचं राज्यफूल तामण येतं. आणि डाळिंबही. पूर्वी डाळिंबाला वेगळं कूळ दिलेलं होतं. आता ते याच घरात आणलं आहे. ज्या लाव्ह्याच्या मुरमावर आज डाळिंबाची बाग उभी आहे, तो वाहत होता तेव्हा डाळिंबाची भाऊबंदकी इथे फुलत होती.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची गोष्टही इथे सांगायला हवी. तिथे डायनासोरच्या दगड झालेल्या लेंड्या मिळतात. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यात गवताचे सिलिकाचे कण ओळखले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केले. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच, असं समजत. ज्वारी-बाजरीच्या घराण्याचा उगम एका झटक्यात मागे गेला.

हे गवताचं घराणं विलक्षण आहे. बहुतेक फुलांचा पराग जवळजवळ सुकूनच बाहेर पडतो आणि म्हणून दिवसेंदिवस जगतो. गवतांचा पराग ओला असतो, काही तासांत मरतो. इतका नाजूक माल वाऱ्यावर सोडायचा म्हणजे मोठी जोखीम. त्यावर उपाय एकच, अमाप पराग आणि दाट रान. बाजरीत कणसावर आधी पांढऱ्या केसांसारख्या कुक्षी बाहेर येतात आणि पुंकेसर मागाहून, म्हणजे परका पराग आधी मिळावा. या दोन-चार दिवसांत पावसाची झड लागली तर पराग धुऊन जातो, कणीस भरत नाही, आणि पराग न मिळालेल्या कुक्षीतून अरगट आत शिरतो. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो पाऊस फुलोऱ्यात नको असतो. कोरडेपणा ही आता अडचण राहिलेली नाही, ती अट झाली आहे.

माळावर तरवड. नवरात्रात घटावर ज्याच्या पिवळ्या माळा चढतात तो. एक फूल हातात घेऊन नीट पाहावं. दहा पुंकेसर, पण सारखे नाहीत: वरचे तीन खुजे, वांझ; मधले मध्यम; खालचे मोठे, बाकदार. मध अजिबात नाही. परागकोश उभे फाटतही नाहीत, टोकाला फक्त बारीक छिद्र असतं, मिठाच्या डबीसारखं. साध्या स्पर्शाने काही सांडत नाही. मग काळा, जाडजूड भुंगा येतो, मधल्या पुंकेसरांना मिठी मारतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. गुणगुण ऐकू येते, आणि छिद्रातून पराग उडतो. मधल्या पुंकेसरांचा पराग त्याच्या खाण्याचा. मोठ्यांचा पराग त्याच्या अंगाच्या अशा भागावर पडतो जिथे पुढच्या फुलाची कुक्षी टेकेल. काही फुलांत कुक्षीचा देठ डावीकडे वळलेला, काहींत उजवीकडे. मधात पाणी घालवायचं नाही, पराग उन्हावाऱ्याला उघडा ठेवायचा नाही, आणि योग्य पाहुण्यालाच दार उघडायचं. बाभळ परागाचे कण सुटे न देता गठ्ठ्याने देते. एक गठ्ठा लागला तरी शेंगेतल्या सगळ्या बियांना पुरावा. रुई तर परागाच्या दोन थैल्या चिमट्याने जोडून भुंग्याच्या पायात अडकवते.

बी पोचवण्याच्या कामात मेंढरं आहेत. बाभळीच्या शेंगा शेळ्यामेंढ्या आवडीने खातात आणि बिया बसल्या जागी, वाड्यावर, टाकतात. कुसळी गवताचं बी मात्र स्वतःच्या पायाने चालतं. त्याच्या लांब शेपटीला पीळ असतो. दवाने पीळ उलगडतो, उन्हाने पुन्हा बसतो, आणि दर फेरीला टोक जमिनीत जरा जरा रुततं. ओलं-कोरडं होण्याचीच त्याला मजुरी मिळते. तेच टोक मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत शिरतं, म्हणून धनगर कुसळ पिकलेल्या माळावर कळप घालायला नाखूश असतो.

परत बागेत येतो. डाळिंबवाले कळीत नर आणि मादी ओळखतात. मादी कळी पोटाशी फुगीर, घागरीसारखी. नर कळी खाली निमुळती, घंटेसारखी. नखाने उभी चिरली की फरक दिसतो: मादी कळीत लांब कुक्षी आणि खाली बीजांडांनी भरलेले कप्पे, शिवाय भोवती पुंकेसरही, म्हणजे शास्त्राने ती उभयलिंगी. नर कळीत अंडाशय नावापुरता, ती झडणारच. नर कळ्या जास्त पडल्या की माणूस घाबरतो. पण फुकट काही नसतं. नर कळी कमी खर्चात पराग आणि माश्यांना निमित्त देते. खरी काळजी माश्यांची आहे. डाळिंबाचा चिकट पराग वारा नेत नाही. तेल्या रोगाच्या आणि किडींच्या धास्तीने फुलोऱ्यातही फवारण्या होतात, सकाळी माश्या कामावर असताना होतात, आणि मग सेटिंग होत नाही म्हणून आणखी एखादं टॉनिक मारलं जातं. काही बागाईतदार आता फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवतात आणि फवारा संध्याकाळवर ढकलतात. पाण्याच्या हिशेबाइतका हा हिशेब तालुक्यात बोलला जावा, असं मला फार मनापासून वाटतं.

फळ पिकलं की आपण जो दाणा खातो तो म्हणजे बी, आणि त्याचा रसाळ भाग हे बियांचं आवरणच. ३६ कोटी वर्षांपूर्वी सुकण्यापासून जपायला जे कवच आलं, तेच इथे रसाने भरलं आहे. आत कठीण, बाहेर गोड. ताणानंतर अवचित जोराचा पाऊस झाला तर साल तेवढी ताणत नाही आणि फळ तडकतं. व्यापारी ते बाजूला काढतो, शेतकरी बांधावर फेकतो. दुपारी तिथे बुलबुल येतात, फटीतून एकेक दाणा ओढतात आणि बोरीच्या झुडपात जाऊन बसतात. आमच्या बांधावर त्या बोरीच्या काट्यांत, कुणी न लावलेलं, हातभर उंचीचं डाळिंबाचं एक रोप आहे. यंदा उन्हाळ्यात त्याची सगळी पानं गळाली होती.